ख्रिस्ती विश्वास आणि मनाची शांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. रात्रपाळीला वॉर्डातले दिवे मंद केले की पेशंटचे नातेवाईक टेबलाजवळ येऊन बसायचे आणि हळूच काहीतरी विचारायचे. निवृत्तीनंतर मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांबरोबर आजारी माणसांच्या आणि शोकात असलेल्यांच्या घरी जाते. तिथेही जवळजवळ तेच प्रश्न येतात, आणि विचारणारे सगळेच ख्रिस्ती असतात असं नाही. मी पाळक नाही, धर्मशास्त्राचं शिक्षणही माझ्याकडे नाही. शास्त्रातून आणि माणसांच्या उशाशी बसून जे समजलं, ते इथे लिहिते आहे.

ख्रिस्ती लोक ज्याला शांती म्हणतात ती नेमकी कोणती?

बायबलचा पहिला भाग, जुना करार, मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्यात शांतीसाठी 'शालोम' हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी पूर्णपणाचा, अखंडपणाचा अर्थ आहे. तुटलेलं सांधलं जाणं, उणं भरून निघणं. आपल्या मराठी मंडळ्यांत जुनी माणसं 'शांती-समाधान' असा जोडशब्द वापरतात, तो मला त्या अर्थाच्या बराच जवळ वाटतो.

येशूने शांतीबद्दलचं आपलं सर्वांत ठळक वाक्य कधी उच्चारलं, तेही पाहण्यासारखं आहे. "मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो, मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकाच्या, चौदाव्या अध्यायात आहे, आणि ते अटकेच्या रात्रीचं बोलणं आहे. काही तासांत त्याला धरून नेणार होते आणि त्याला ते ठाऊक होतं. पुनरुत्थानानंतर शिष्य भीतीने दारं लावून बसले होते, तिथे तो येऊन म्हणाला, "तुम्हांला शांती असो," आणि लगेच आपले हात आणि कूस त्यांना दाखवली. घाव तसेच होते. म्हणून मी लोकांना सांगते की ही शांती संकट टळल्यावर मिळणारी सुटका नाही. दार बंद असताना, भीती अंगात असताना कुणीतरी आत येऊन उभं राहतं, ती ही शांती.

विश्वास ठेवला की मन लगेच शांत होतं का?

काहींचं होतं. पुष्कळांचं होत नाही, आणि ते त्यांच्याशी कुणी प्रामाणिकपणे बोलत नाही म्हणून त्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

अशा वेळी मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा पती गेले आणि हातात लहानगी मनोरमा राहिली. संस्कृतात पारंगत, शास्त्र मुखोद्गत असलेल्या या बाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला खरी विश्रांती लाभायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं लागली. तोवर त्या हिंदुस्थानात परतल्या होत्या, विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं होतं, टीका झेलणं रोजचं झालं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्या काळात त्यांचा विश्वास कमकुवत वाटला नसता. आतून त्या शोधत होत्या.

आठ वर्षं. रमाबाईंसारख्या बाईंना. तेव्हा चार महिने प्रार्थना करून काही वाटत नाही म्हणून कुणी स्वतःला दोष देत असेल, तर कृपा करून तो देऊ नका.

मला सतत काळजी वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

असं मला वाटत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः 'फार खिन्न' झाला होता. हा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने बापाला विनवणी केली, आणि तीन शिष्यांना माझ्याबरोबर जागे राहा असं सांगितलं. देवपुत्राला त्या रात्री जागं राहणारं माणूस हवं होतं. मग तुम्हाआम्हाला हवं असेल तर त्यात कमीपणा कसला?

मार्काच्या नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप आहे. तो येशूला एकाच दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला माघारी पाठवलं नाही. मुलगा बरा झाला. दवाखान्यात लेकरू कुशीत घेऊन बसलेल्या आयांकडे पाहताना मला हा बाप नेहमी आठवायचा.

'उद्याची चिंता करू नका' हे वाक्य लोक दटावणीसारखं एकमेकांच्या अंगावर टाकतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ते वाक्य पुढे असं संपतं: "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." दुःख नाही असं तो म्हणत नाही. आजचं आजच्यापुरतं उचल, एवढंच.

प्रार्थना कशी करायची? मला शब्दच सुचत नाहीत.

सुचले नाहीत तरी प्रार्थना होते. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की आपल्याला योग्य प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, आणि तीही शब्दांवाटे बोलता न येणाऱ्या कण्हण्याने. कण्हणं म्हणजे काय हे सिस्टरला सांगावं लागत नाही.

तरी हाताशी काहीतरी धरायला लागतं. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्यांना मी तीन गोष्टी सांगायचे. पहिली म्हणजे बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." सहा ओव्यांचं आहे, पाठ होतं. वाचताना एक गंमत नव्हे, एक खूण लक्षात घ्या. सुरुवातीला स्तोत्रकर्ता देवाबद्दल बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मग मृत्युच्छायेच्या दरीचा उल्लेख येतो आणि तिथे बोलणं बदलतं: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." 'तो'चा 'तू' होतो, आणि नेमका दरीत होतो. हे लक्षात आलं त्या रात्रीपासून मी ते स्तोत्र घाईने म्हटलेलं नाही.

दुसरी म्हणजे प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. ती येशूने शिष्यांना शिकवली ती त्यांनी विचारलं म्हणून. प्रार्थना येत नाही, शिकवा, असं म्हणायला त्यांना लाज वाटली नाही. तिसरी अगदी लहान. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाने मारलेली हाक: येशू, माझ्यावर दया कर. श्वास घेताना नाव घ्यायचं, सोडताना उरलेलं म्हणायचं. मंडळीच्या पूर्वेकडच्या परंपरेत शेकडो वर्षांपासून अशीच एक छोटी प्रार्थना जपासारखी म्हटली जाते. धाप लागलेल्या माणसालाही ती जमते, हे मी पाहिलं आहे.

वहीत लिहून काढणंही चांगलं. देवाला पत्र लिहावं तसं, तारीख घालून. पुढे कधीतरी मागची पानं चाळताना, कोणत्या दिवशी कशाने धरून ठेवलं होतं ते कळतं.

देवावर राग आला तर ते पाप आहे का?

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. 'किती वेळ, परमेश्वरा?' हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

राग असेल तर तो देवालाच सांगा. त्याच्याबद्दल इतरांशी बोलत राहण्यापेक्षा त्याच्याशी बोललेलं बरं.

नवस बोलला तर चालेल का?

हा प्रश्न हिंदू मैत्रिणी जास्त विचारतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही विचारतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत गेलात तर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला मांडलेली दिसतील. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं, त्याचा आकार तो तिथे वाहतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना ही खास प्रार्थना होते आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, आमच्याकडे ही रीत नाही. पण मेणाचं बाळ छातीशी धरून उभी असलेली बाई पाहून तिला काही शिकवायला जावं असं मला कधी वाटलं नाही. तिने आपलं दुःख हातात धरता येईल असं केलं आहे आणि ते घेऊन ती देवाच्या दारी आली आहे.

एवढंच मात्र मनात असू द्या: देव सौदा करत नाही. तुम्ही काही दिलं म्हणून तो देईल आणि द्यायचं राहिलं म्हणून तो कोपेल, ही भीती येशूने शिकवलेल्या बापाची नाही. नवस फेडायचा राहिला म्हणून मुलगा आजारी पडला, असं मनाला लावून घेतलेल्या आया मी पाहिल्या आहेत. तसं नसतं, बाई. मुलाला ताप डासाने आणला.

इतकी प्रार्थना केली, तरी माझं माणूस गेलं. मग विश्वास ठेवून काय मिळालं?

या प्रश्नाला मी आधी चुकीचं उत्तर देत असे, ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईचं सात वर्षांचं लेकरू आमच्या वॉर्डात गेलं. मी तिचा हात धरून म्हणाले, "देवाची इच्छा होती, ताई." तिने हात काढून घेतला. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या वेळी मला वाटलं, दुःखात आहे म्हणून. पुढे माझे यजमान गेले आणि तेच वाक्य मला चार दिवसांत कितीतरी वेळा ऐकावं लागलं. तेव्हा कळलं की तिने हात का काढून घेतला होता.

येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याची बहीण मार्था येशूला स्पष्ट म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. दुसरी बहीण मरीयाही तेच म्हणाली. दोघींना तो रागावला नाही. थोड्या वेळात आपण लाजराला मेलेल्यांतून उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी कबरेकडे जाताना, शास्त्रात दोन शब्दांत लिहिलं आहे, "येशू रडला." मी हे दोन शब्द कितीदा वाचले असतील याला मोजमाप नाही. सगळं ठीक होणार हे ठाऊक असूनही जो रडतो, तो माझ्या रडण्याला अविश्वास म्हणणार नाही.

का गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडून कारणं सांगू लागले तिथून चुकत गेले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, ईयोबावर नाही.

पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरेशी आहे," असं उत्तर आलं. हे उत्तर देवाने पौलाला दिलं. ते आपण दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचं नसतं. तुमच्या माणसाच्या जाण्यानंतर एखाद्या पहाटे ते तुम्हाला स्वतःला ऐकू आलं तर गोष्ट वेगळी. मला ते यजमानांच्या पश्चात दुसऱ्या वर्षी, चहाचं आधण ठेवताना सवयीने दोन कप पाणी ओतलं तेव्हा आलं. ते एक कप पाणी मी तुळशीजवळच्या कुंडीत ओतलं आणि त्यानंतर पहिल्यांदाच नीट रडले.

येशूचं पुनरुत्थान झालं म्हणून आपलीही भेट होईल, ही आमची आशा आहे. तिच्यावरच मी माझ्या माणसाला माती दिली. पण ती आशा असलेल्या घरातही दोन कप पाणी ओतलं जातं.

झोप नाही, जीव घाबरतो. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास का?

मुळीच नाही, आणि हे मी जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात सांगते. तिसरं शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभं केलं, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन कामाला उभं केलं. ही सगळी ख्रिस्ती माणसं. औषध आणि प्रार्थना यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. पुन्हा खायला दिलं, कारण वाट लांबची होती. मग बऱ्याच दिवसांनी पर्वतावर देव त्याच्याशी बोलला, तोही मंद स्वरात. आधी झोप आणि भाकर, मग बोलणं. आमच्या वॉर्डाचाही हाच क्रम होता.

दोन आठवड्यांच्या वर मन उदास राहिलं, भूक-झोप गेली, कशात रस राहिला नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. गोळ्या दिल्या तर घ्या, आणि प्रार्थनेने बरं वाटू लागलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. जीव देण्याचे विचार येत असतील तर आत्ताच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

माझ्या हातून फार वाईट घडलं आहे. मला शांती मिळेल का?

मराठी बायबलमध्ये पाप कबूल करण्यासाठी एक सुंदर शब्दप्रयोग आहे: पापे पदरी घेणे. "जर आपण आपली पापे पदरी घेतली," असं योहानाच्या पहिल्या पत्रात येतं, आणि पुढे क्षमेचं वचन. पदरी घ्यायचं म्हणजे दुसऱ्यावर ढकलायचं नाही, झाकायचं नाही, माझं आहे म्हणायचं. कॅथलिक बंधुभगिनी फादरांजवळ पापनिवेदन करतात. आमच्याकडे सामुदायिक कबुली असते, आणि पाळकांशी एकांतात बोलता येतं. ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून देता येत असेल तर तेही करायचं. जक्कय जकातदाराने चौपट परत करतो म्हटलं होतं.

यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? धर्म बदलावा लागेल का?

येशूशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या," या हाकेत 'सर्व' हा शब्द आहे. उपासनेला कुणीही येऊन बसू शकतं. प्रभुभोजन मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, त्या वेळी जागेवर बसून राहिलात तर कुणी वावगं मानत नाही. बाप्तिस्मा हा स्वतःच्या मनाने, शिकून, वेळ घेऊन करायचा निर्णय आहे. दुःखाच्या भरात कुणी घाई करत असेल तर थांबा म्हणा. आणि बरं होण्याच्या बदल्यात कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

मराठी माणसाला हे परकं नाही का?

रेव्हरंड ना. वा. टिळकांना 1890 च्या दशकात आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. 1895 साली बाप्तिस्मा झाला. पण तुकोबा त्यांनी सोडले नाहीत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि अभंग, कीर्तन त्यांनी मंडळीत आणलं. आजही आमच्याकडे शोकाच्या घरी टाळ-मृदंगावर भजन होतं. दुःखातलं माणूस आपल्या आईच्या भाषेत रडतं, त्याला दिलासाही त्याच भाषेत लागतो.

बायबल कुठून वाचायला घ्यावं?

पहिल्या पानापासून नको. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, दोन संध्याकाळीत होतं. मग योहानाचा चौदावा अध्याय, मग स्तोत्रं, रोज एक. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे त्यातलं, आणि ते पौलाने कैदेत असताना लिहिलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या शेवटापर्यंत साध्या मराठीत बायबल उतरवलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. साध्या बाईला कळावं म्हणून एवढे कष्ट घेतले, तेव्हा 'मला नाही कळणार' असं आधीच म्हणू नका.

पहिल्यांदा चर्चमध्ये यायचं आहे. काय करायचं असतं?

रविवारी सकाळी या. वेळ दारावरच्या फळ्यावर लिहिलेली असते. साधे कपडे चालतात. चपलांचं प्रत्येक गावी वेगळं आहे, दाराशी काढलेल्या दिसल्या तर काढा. लोक उभे राहिले की उभं राहायचं, नाही राहिलात तरी चालतं. गाण्याचं पुस्तक शेजारचं माणूस उघडून देईल. रडू आलं तर मागच्या बाकावर बसा. आमच्याकडे त्या बाकावर खिडकीजवळ सहसा मीच असते.